पांडानची आठ पाकिटं

माझ्या रूममेटचं जेवण सुटलंय हे मला सिंकमधल्या भांड्यांवरून कळलं. ऑक्टोबरअखेर तिथे तिचा एकच बाऊल असायचा, इन्स्टंट नूडल्सचा, आणि त्यात उभा राहिलेला काटा.

कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या एका बेसमेंटमध्ये आम्ही दोघी राहत होतो. ती मलेशियातल्या जोहोरची, मी रत्नागिरीची. कॉलेज एकच. तिने डिसेंबरचं तिकीट काढून ठेवलं होतं, फक्त जाण्याचं. का, ते विचारायचा धीर मला झाला नाही. या देशात सकाळी 'झोप लागली का' असं मला विचारणारी ती एकटीच होती, हेही सांगता आलं नाही. मी विचारलं एवढंच, "घरी तू काय जेवायचीस?" त्यावर ती वीस मिनिटं बोलली. नारळाच्या दुधातला भात, त्याच्याबरोबर मिरचीचं लाल वाटण, चिंचेतला आंबट-तिखट मासा आणि त्यात भेंडी.

"माशात भेंडी?" मी म्हटलं.

"अख्खी," ती म्हणाली.

हे डोक्यातून जाईना. मी शोधायला लागले. डाउनटाउनमधल्या एका मलेशियन रेस्टॉरंटमध्ये तिला नेलं. काळ्या दगडी पाटीवर भाताचा छोटा मुटका आला, बाजूला चमचाभर वाटण. दोघींच्या आठवड्याच्या ग्रोसरीचे पैसे गेले. ती म्हणाली, "नाइस." हा शब्द मी ओळखून होते, कारण मीही तो अशाच वेळी वापरते.

मग एका शनिवारी दोन बस आणि सबवे करून स्कारबरोच्या एका एशियन दुकानात एकटीच गेले. फ्रीझरपाशी हिजाब घातलेली एक बाई उभी होती. तिने पांडानच्या पानांची पाकिटं ट्रॉलीत टाकली, एक, दोन, करत आठ. आमच्या परसातही भाताच्या वासाचं एक रोप होतं, तशीच ही पानं. एका भाताला दोन पानं पुरतात. मग आठ पाकिटं कशाला? वर तळायच्या सुक्या मासळीचा मोठा डबा. ही घरापुरतं रांधत नाही, असं मनाशी ठरवून मी तिच्या मागे मागे तीन रांगा फिरले. बोलायचं वाक्य इंग्रजीत दोनदा मनात म्हणून पाहिलं. शेवटी तीच वळली.

"काय हवंय तुला? मघापासून बघतेय."

"तुम्ही... लोकांसाठी जेवण करता का?"

"कोण विचारतंय? सिटीची तपासणीची माणसं?"

"नाही! माझी रूममेट जोहोरची आहे. जेवत नाही ती."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बारीक झालीय?"

"हो."

"मग वाट बघत काय बसलात? पुढच्या शनिवारी माझ्या घरी घेऊन ये. दहा डॉलरला ताट. आणि मला मकचिक म्हण, मॅडम नको." मकचिक म्हणजे मावशी, हे नंतर रूममेटने सांगितलं.

पुढच्या शनिवारी आम्ही मकचिकच्या घरी गेलो. टेबलावर भात, वाटण, आणि लालभडक रश्श्यात मासा, त्यात खरंच अख्खी भेंडी. शेजारी लांब चोचीची एक पितळी किटली, खाली जाळीचं तस्त. चमचे नव्हते. मी रूममेटकडे पाहिलं, ती माझ्याकडे पाहत होती.

"मकचिक, हिला चमचा द्याल का?" मी म्हटलं.

त्याच क्षणी ती म्हणाली, "माझ्या मैत्रिणीला चमचा लागतो."

मकचिक कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग चमचा नक्की कोणाला लागतो?"

कोणालाच नाही, हे तिथेच दोघींनी कबूल केलं. आमच्या शाळेत डबा हाताने खाल्ला तर मिस सगळ्यांसमोर उभं करायची. तेव्हापासून परक्यांसमोर मी चमच्यानेच जेवते. बेसमेंटमध्ये वरण-भात खोलीत नेऊन, दार लावून, हाताने खायचे. टेबलावर मात्र काटा. तो बघून माझ्या रूममेटने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं, की या मुलीसमोर हाताने जेवायचं नाही.

"दार लावून तू जेवायचीस?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला माझा कंटाळा येतो."

"आणि तू भात का सोडलास?"

"काट्याने भाताला चव येत नाही. मग नूडल्सच बऱ्या."

मकचिकने किटलीने आमच्या हातांवर पाणी घातलं. "दोन मोठ्या शहाण्या मुली," ती म्हणाली. "जेवा आता."

रस्सा आमच्या कालवणापेक्षा आंबट होता, त्यात कसलासा पाला होता ज्याचा वास मला अजून सांगता येत नाही. भेंडी मऊ, पण बुळबुळीत अजिबात नाही. ती कशी, हे मी विचारणार होते, पण रूममेटने तिसऱ्यांदा भात घेतला आणि मी तिच्या हाताकडेच बघत राहिले.

त्यानंतर आम्ही बहुतेक शनिवारी गेलो. बेसमेंटमधल्या टेबलावरचे काटे आपोआप ड्रॉवरमध्ये गेले. तिकिटाबद्दल मी विचारलं नाही. डिसेंबरमध्ये ती बॅग भरत होती, तेव्हा पलंगावर मकचिकच्या अक्षरातली यादी दिसली. सुकी चिंच, कोळंबीच्या वड्या, आणि सगळ्यात खाली, किटली.

"मकचिककडे आहे की किटली," मी म्हटलं.

"तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी सांगितलीय," बॅगेची चेन ओढत ती म्हणाली. "जानेवारीत आणते."