लेडीज क्लासच्या दारावर

अकोल्याच्या एका टॉकीजमध्ये मी लेडीज क्लासच्या दारावर होते. तिकीट फाडायचं, अंधारात बायांना जागा दाखवायची, लेकरं रडली तर बाहेर न्यायची. मागच्या खांबांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधून ठेवायचे. कापसाची वेचणी आटोपली की बार्शीटाकळीकडच्या बाया यायच्या. चपला काढून, पाय पसरून बसायच्या. कित्येक जणी ऐन गाण्यात घोरायच्या. ते दिवस मला अजून आठवतात.

मग कापसाची वाईट वर्षं आली. वेचायलाच काही उरलं नाही, तर बाया कुठून येणार? मालक म्हणाले, "मावशी, हा एक पिक्चर चालला तं ठीक. नाई तं इथं मंगल कार्यालय करतो."

पिक्चर आमच्याच भागातल्या एका विधवेचा होता. पहिल्या खेळाला मुंबईहून दिग्दर्शक, नट आणि नटी आले. ऑफिसात चहा पीत सिनेमाचं पुढे काय होणार, यावर बोलत बसले.

नट म्हणाला, "पुढे लोक खिशातल्या फोनवर सिनेमा पाहतील."

"पाहू देत," दिग्दर्शक म्हणाला. "सिनेमा खरा असला की लोक इथे येतातच."

नटीनं मला विचारलं, "मावशी, तुम्हाला कसला सिनेमा आवडतो?"

"लांब."

सगळे हसले.

"हसून काहून राहिले? इथं बसली की बाईले कोणी ऊठ म्हणत नाई. तुमचा केवढा हाये?"

"दीड तास. मध्यंतरही नाही."

"मंग झालं," मी म्हटलं.

लेडीज क्लास अर्धा भरला. पिक्चर चांगला होता, नटीनं काम चोख केलं होतं. विधवा एसटी स्टँडवर उभी आहे, तिथंच तो संपला. दिवे लागले. दिग्दर्शक मागे उभा राहून टाळ्यांची वाट पाहत होता. बायांनी जेवणाचे डबे सोडले.

"बायाहो, उठा. खतम झाला," मी म्हटलं.

"काय मस्करी करता वो!" पुढची एक म्हातारी म्हणाली. " आत्ता तं इंटरवल झाला. ते एसटीत बसली का नाई, ते तं पाहू द्या."

दिग्दर्शक पुढे आला. "ती कुठे जाते, ते तुम्हीच ठरवायचं, आई."

"आमीच ठरवाचं, तं तुमी काय केलं रे बाबा?"

नटी खो-खो हसली आणि त्या बाईच्या डब्यातली भाकर मोडून तिथंच बसली.

मालक दारात आले. पुढच्या खेळाला बाहेर कोणी आहे का, ते पाहून आले होते.

"बसू द्या, मावशी," ते म्हणाले. "उठवून जागा कोणाले द्याची?"

मी पंखे चालूच ठेवले.