उखाण्याचं रसग्रहण

"साशंक? आमची पोरगी साशंक? कोण म्हणलं ते, पुढं या."

नवरीचे मामा ओरडत होते. चारठाण्याच्या माळावर मेंढ्या राखून कमावलेला आवाज तो. मांडवात कोंडल्यावर त्यानं पंगतीतल्या बुंदीचे दाणे पत्रावळींवरून उडवले, आणि रस्त्यानं निघालेली जिंतूरची एस.टी. आपल्यालाच कुणी हाक मारली समजून थांबली. ज्याला ‘पुढं या’ म्हणत होते तो पुढं येऊ शकत नव्हता, कारण तो आधीच सगळ्यांच्या पुढं, पाटावर, मुंडावळ्या बांधून, नवरीनं नुकताच भरवलेला जिलबीचा घास तोंडात धरून बसला होता. नवरदेवच होता तो. माझा मावसभाऊ.

या मावसभावाइतका शिकून वाया गेलेला माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि शेजारच्या कुठल्या जिल्ह्यानं तसा दावा केला तर मी त्या जिल्ह्याशी भांडायला तयार आहे. ताडकळसची पोरं शिकून मास्तर होतात, कंपाउंडर होतात, भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळतात. हा हैदराबादला गेला आणि विद्यापीठात फ्रेंच कविता शिकला. कविता करायला नव्हे, उसवायला. गावात बातमी आली तेव्हा मावशीनं ती ‘पोरगा परदेशाचं शिकायलाय’ अशी नीट शिवून सगळ्यांना सांगितली, आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, वर्षभर लोकांना पटवत राहिले की फ्रेंच शिकून साहेब होता येतं, फक्त वेळ लागतो.

तिथं त्याला शिकवायला एक बाई होत्या. पहिल्याच परीक्षेत त्यांनी आठ ओळींची कविता दिली. एक बाई खिडकीशी बसली आहे, संपलं. यानं शाळेत घोटलेलं रसग्रहण ठोकून दिलं, की प्रस्तुत कवितेत कवीने खिडकीतील स्त्रीचे हुबेहूब वर्णन केले असून त्यातून निसर्गप्रेम दिसून येते. बाईंनी पेपर परत केला आणि म्हणाल्या, बाई बसलीय ते आम्हालाही दिसतं, ओळ कशी बसलीय ते सांग. त्या दिवशी आमचा मावसभाऊ गेला आणि त्याच्या कपड्यांत दुसराच कोणीतरी राहायला आला. तो बोटांवर ओळींतले उच्चार मोजू लागला. त्या भाषेत म्हणे काही अक्षरं लिहायची पण बोलायची नसतात, आणि कवितेत मात्र ती मोजायची असतात. हे ऐकून काकांनी विचारलं की मग फी कशाची घेतात. ओळीच्या मध्यावर एक थांबा असतो आणि कविता खरं बोलते ते त्या थांब्यात, हे तर त्यानं एवढ्यांदा सांगितलं की आमच्याकडच्या म्हशीसुद्धा रवंथ करताना मध्येच थांबून त्याच्याकडे बघायच्या.

आणखी एक धडा त्याला फार लागला होता. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी समजायचा नाही. एकदा काकांनी फोन केला, माझी कंबर धरलीय, दोन दिवस येऊन जा. यानं हैदराबादहून अत्यंत गंभीरपणे विचारलं, "यातला ‘मी’ नेमका कोण?"

काका म्हणाले, "तुझा बाप."

पदवी घेऊन तो परतला आणि सगळं ताडकळस त्याच्या तावडीत सापडलं. आठवडी बाजारात वांगी विकणाऱ्या बाईला त्यानं तिचीच आरोळी पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, दुसऱ्या खेपेला आवाज का चढतो याची तिला तासभर फोड करून सांगितली, आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आला. मयताला गेला तर रडणाऱ्यांचा ताल धरून बसायचा. एकदा ठेक्याच्या नादात तो मांडीवर इतका रंगून ताल देऊ लागला की मयताच्या थोरल्या लेकानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि लाकडं मोजायला पाठवलं.

मुली बघायला लागल्यावर तर कहर झाला. चहापोहे झाले की मुलीकडचे नेहमीसारखं ‘कळवतो’ म्हणायचे. रस्त्याला लागल्याबरोबर हा मावशीला सांगायचा, "कोण कळवणार, कधी कळवणार, दोन्ही गाळलंय. जे गाळलं तेच म्हणायचं हाय त्यांना." मावशी त्याला गप कर म्हणायची आणि पंधरवडाभर फोनकडे बघत बसायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं दर वेळी बरोबर निघायचं. बरोबर निघता निघता त्याची तिशी उलटली, कानामागचे केस पांढरे झाले, आणि पाहुण्यांसमोर त्याचा विषय निघाला की मावशी पाणी आणायला उठून जाऊ लागली.

मग ही मुलगी आली. औषधांचं शिकलेली, मेडिकल चालवणारी, कमी बोलणारी. तिच्या घरच्यांनी ‘कळवतो’ म्हटलंच नाही. चारचौघांत ‘पसंत हाय’ म्हणाले. मावसभाऊ परतीच्या वाटेवर तोंडातून अक्षर काढेना. फोड करायला काही उरलंच नव्हतं.

लग्न उन्हाळ्यात, तिच्या गावी. अक्षता पडल्या, पंगत बसली, नवरा-नवरीला घास भरवायला समोरासमोर बसवलं आणि बायकांनी नाव घे, नाव घे म्हणून मुलीला भंडावलं. तिनं जिलबीचा तुकडा उचलला आणि म्हणाली, "पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ वाहते जोडीनं," आणि थांबली. मग त्याचं नाव घेतलं (ते इथं देत नाही, आमचं अजून येणंजाणं आहे) आणि "घास देते गोडीनं" म्हणून घास भरवला. चांगला, घरचा, कुणाला न दुखवणारा उखाणा. टाळ्या पडल्या. आणि आमच्या विद्वानानं, तोंडात जिलबी धरून, एक बोट वर केलं.

तो म्हणाला, एक मिनिट. नावाआधीचा थांबा ऐकला का सगळ्यांनी? सगळी कविता तिथं आहे. देवाचं नाव सरळ आलं, नारळ सरळ आला, नवऱ्याच्या नावापाशी ओळ अडली.

"याचा अर्थ," तो म्हणाला, "इथं कवयित्री साशंक आहे."

मामा ओरडले ते इथं. ओरडून थांबले नाहीत. पोरगी धाडत न्हाई म्हणाले. बाहेर फुलं लावलेली जीप उन्हात उभी होती, तिच्या ड्रायव्हरला त्यांनी घरी जा म्हणून सांगितलं. मावशीनं पदर तोंडाला लावला. मी मावसभावाकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्याची थट्टा केली, पण त्या क्षणी त्याची बोटं मांडीवर पालथी पडली होती, काही मोजत नव्हती. आपण काय करून बसलो ते त्याला पुरतं कळलं होतं, आणि मुलगी मान खाली घालून पत्रावळीकडे बघत होती.

तोडगा काढला नवरीच्या आत्यानं. एवढा शिकलाय तर आता ह्यालाच घेऊ द्या नाव, म्हणाली. मामा म्हणाले, घेऊ द्या, पटलं तर धाडतो. आठ ओळींवर नऊ पानं लिहिणारा माणूस, पण सबंध आयुष्यात त्यानं स्वतःची एक ओळ रचली नव्हती. मी मागून यमकं पुरवत होतो; त्यानं एकही उचललं नाही. घाम मुंडावळ्यांवरून ओघळला. शेवटी त्यानं तिचं नाव घेतलं. नुसतं नाव. ना यमक, ना देव, ना नारळ.

"पुढं?" मामा म्हणाले.

"पुढं काई न्हाई," तो म्हणाला, आणि खोकला.

मुलीनं, वर न बघता, आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. तो प्यायला. मामा त्या पेल्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले, मग खाली बसले आणि वाढप्याकडे मठ्ठा मागितला.

आता खाली तिचं मेडिकल आहे आणि वर गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी जिथं नेटवर्क लागतं तिथं, तो कॅनडाला जाणाऱ्या पोरांना मोबाइलवरून फ्रेंच शिकवतो. अजून दिसेल त्याची फोड करतो. फक्त त्या पेल्याचा विषय निघाला की उठून जातो. त्यामुळे ते काम माझ्यावर येऊन पडलं. भरलेला पेला वाढप्याकडे होता, तिनं आपला अर्धा प्यायलेला दिला; मागितला नसताना दिला; न बघता दिला. हे रसग्रहण मी इतक्या लग्नांत ऐकवलंय की आता बायका आधीच पदर डोळ्यांशी धरून तयार असतात. परवा तिच्या काउंटरशी उभं राहून तिलाही सगळं ऐकवलं. वरून त्याचा शिकवण्याचा आवाज येत होता. ती गोळ्यांची पट्टी कापत होती. कात्री थांबली, तिनं तो आवाज थोडा ऐकला आणि पट्टी गिऱ्हाइकापुढं ठेवली.

"ठसका लागला व्हता त्यांना, भाऊजी," ती म्हणाली.