घड्याळकाकांचा वात

घड्याळकाकांचा हात पहिल्यांदा थरथरला, तेव्हा त्यांनी खिडकीवर खापर फोडलं. काकूंनी खिडकी लावून घेतली. हात थरथरतच राहिला.

घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. टेबल, दिवा, डोळ्याला लावायचं भिंग. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. त्या सगळ्यांत चाळीस वर्षं बसून काकांना जेवायची वेळ काही सापडली नव्हती. "एवढं चाक बसवून येतो" म्हणता म्हणता तीन वाजायचे. तोवर पोटात काळा चहा आणि कोरडे टोस्ट. रात्री डोळ्याला डोळा नाही, उठताना गुडघे कटकट वाजायचे, बोटांना भेगा.

"हातच गेला तर मी करू काय गं?" एकदा ते म्हणाले. काकूंनी मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि दुसऱ्याच दिवशी काकांना वैद्यबाईंकडे नेलं.

वैद्यबाईंनी नाडी पाहिली. "वात वाढलाय. वात म्हणजे अंगातला वारा समजा. कोरडा, थंड, एका जागी न टिकणारा. त्याला ऊब हवी, स्निग्धपणा हवा आणि नेम हवा. ऊन, मऊ जेवण, वर तूप, रोज एकाच वेळी. लवकर झोपा. हातापायांना कोमट तिळाचं तेल लावा. महिनाभरात थरथर कमी झाली नाही, तर डॉक्टरांनाही दाखवायचं."

"हाताला तेल?" काका बसल्या जागी मागे सरकले. "बाई, आमच्या धंद्यात हात कोरडा ठेवतात."

घरी आल्यावर जेवण ऊन झालं, पण तीनलाच. तेलाची वाटी तशीच पडून. आठ दिवसांत गुण येईना, तेव्हा काकांचा धीर सुटला. एका सकाळी काकू अंघोळीला गेलेल्या बघून त्यांनी दोन्ही हातांना भरपूर तेल चोळलं, फडक्याला पुसलं आणि कामाला बसले.

दोन दिवसांनी शेजारच्या नर्सबाई त्या दिवशी दुरुस्त करून नेलेलं घड्याळ घेऊन आल्या. "काका, हे दिवसाला अर्धा तास पुढे पळतंय. लवकर घरी जायला माझी ना नाही, पण वॉर्डातली औषधं वेळेवर द्यायची असतात हो."

काकांनी घड्याळ उघडलं. केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे तेलाने एकमेकांना चिकटले होते. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. नर्सबाई घड्याळ ठेवून गेल्या.

काकूंनी तेलाची अर्धी झालेली वाटी पाहिली आणि सगळं ओळखलं. "अहो, सकाळीच लावा असं कुणी सांगितलं होतं? संध्याकाळी लावू की, दुकान मिटल्यावर. सकाळी साबणाने हात धुतले की झालं."

"आणि जेवण? काम मध्येच टाकून उठवत नाही गं."

"मग माझ्यासाठी उठा. मीही तीनपर्यंत उपाशीच असते की."

काकांनी मान वर केली. "तू आधी जेवत नाहीस?"

"कधी जेवलेय?"

दुसऱ्या दिवशी एक वाजता स्वयंपाकघरात येऊन काकांनी स्वतःच दोन ताटं मांडली. संध्याकाळी काकू त्यांचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळायच्या. "किती खडबडीत हो, किसणीच जणू," म्हणायच्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकांना बोटं चोळून घेता घेताच डुलकी लागली. काकू हात न सोडता तशाच बसून राहिल्या.

तीन आठवड्यांनी काकांनी नर्सबाईंच्या घड्याळाची स्प्रिंग धुऊन पुन्हा बसवायला घेतली. थरथर पुरती गेली नव्हती. मनगट टेबलाला टेकवून, दोनदा थांबून, तिसऱ्या खेपेला ती जागेवर बसली आणि चाक हलायला लागलं.

नर्सबाई घड्याळ न्यायला आल्या, तेव्हा पिशवीतून आणखी एक काढू लागल्या.

"ते उद्या सकाळी आणा," काका दिवा मालवत म्हणाले. "एक वाजला. काकू भुकेल्या असतील."