मामाचं नाक

माझा मामा लाकडाला पॉलिश करतो, आणि त्याच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. घराची पुढची खोली हाच त्याचा कारखाना. ओल्या पॉलिशवर धूळ बसली की कपाट वाया गेलं, म्हणून खिडक्या बंद, दार बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. आत थिनरचा एवढा भपकारा, की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मामाला वाटायचं, आपल्याला बघून गहिवरले.

वीस वर्षांत त्याचं नाक पार कामातून गेलं होतं. मामी खोकून बेजार व्हायची, आणि हा म्हणायचा, "कसला वास? मला तर काही येत नाही!"

मग त्याच्या लेकीला, म्हणजे आमच्या ताईला, मुलगी झाली. ताईने फोनवर बजावलं, "बाबा, घरातला वास जाईपर्यंत मी बाळाला आणणार नाही." मामा तिच्याकडे जायचा, पण कपड्यांच्या वासामुळे दारातूनच दर्शन! नात तीन महिन्यांची झाली तरी मांडीवर आली नव्हती. बिचाऱ्याचा जीव तुटायचा.

त्याने कंबर कसली. गुलाबाचा फवारा, मोगऱ्याचा फवारा, फिनेल, कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या.

मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, वासावर वास ओतून तो जातो होय? आता दोघं मिळून राहतायत!"

'वास गेला' असं मामाने कळवल्यावर ताई आली, उंबऱ्यावर शिंकली आणि बाळाला घेऊन तशीच परतली. मामा त्या दिवशी जेवला नाही.

सकाळी त्याने स्वतःच्या हाताने चिंध्या उपसल्या, खिडक्या सताड उघडल्या, फवारे कचऱ्यात टाकले. थिनरचे डबे झाकणं आवळून मागच्या अंगणात, पत्र्याखाली नेले. कामही तिथेच, आणि आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय घरात पाऊल नाही. पहिल्याच दिवशी कपाटाच्या दारावर माशी चिकटली. मामाने तिला नखाने काढलं, पॉलिश पेपर घासला, पुन्हा पॉलिशचा हात मारला. गिऱ्हाईक ओरडलं, तर म्हणाला, "थांबा आठ दिवस. माझी नात यायचीय."

दोन महिन्यांनी ताई आली. खोल्याखोल्यांतून हुंगत फिरली आणि बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. मामा श्वास रोखून बसला. थोड्या वेळाने त्याचं नाक आक्रसलं.

"अगं, कसला तरी घाण वास येतोय!"

ताई घाबरून अंगणाकडे धावली. मामीने मात्र बाळाचा लंगोट चाचपला.

"मला वास आला!" मामा रडत हसत होता. "वीस वर्षांनी!"

मामीने डोळे पुसले आणि कोरडा लंगोट त्याच्या हातात दिला. "मग आता तुम्हीच बदला."