शिक्षेसाठी पुण्याला

बालाघाटच्या स्टँडवरून गोंदियाची बस सुटायला आली, तेव्हा बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "शिक्षा पुरी करूनच येजो." माय त्यांच्या मागे उभी होती. चिन्नोर तांदळाची पिशवी तिनं आधीच माझ्या सीटखाली सरकवली होती आणि आता ती माझा चेहरा सोडून बाकी सगळीकडे पाहत होती. गोंदियाहून पुढे पुण्याची गाडी होती. बारावीनंतर पुण्यात शिकायला जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, त्यामुळे मला रडूही येत होतं आणि मिरवावंसंही वाटत होतं.

तुम्ही जे बालाघाटला आपल्या वॉर्डातच राहिलात आणि जे माझ्यासारखे पांगलात, तुम्हाला बाबांच्या वाक्यात काही खटकणार नाही. आपली शाळा हिंदी, घर मराठी, आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपण दोन्ही भाषा डाळभातासारख्या कालवून खाल्ल्या. पुण्यात पहिल्याच आठवड्यात बाईंनी वर्गात विचारलं, एवढ्या लांबून इकडे कशी आलीस? मी उभी राहून सांगितलं, "मी इथे शिक्षेसाठी आले." सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "गुन्हा काय केलास?" मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हे मला होस्टेलवर गेल्यावर कळलं. मराठी माझ्या मायची भाषा होती आणि ती बोलायचीच मला धास्ती बसली.

तोंड मिटलं तशी मी लिहायला लागले. कागद हसत नाही आणि शब्द खोडता येतो. डोक्यात होत्या त्या मायच्या गोष्टी. ती खैरलांजीकडची, धानाच्या बांधीत वाढलेली, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात. तिचा एक खेकडा होता. तो तिरपा चालायचा आणि बगळ्याला, बैलाला, सरपंचालासुद्धा अडवून विचारायचा, "काहून रे, सरळ चालून राह्यला?" माय हे असं काही म्हणायची की आम्ही भावंडं हसून लोळायचो आणि दुसऱ्या दिवशी घरभर तिरपे चालायचो.

माझं पहिलं पुस्तक याच खेकड्याचं. संपादक बाई फार भल्या होत्या. त्यांनी पेन्सिलीनं 'काहून'खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, मुलांना कळणार नाही. मीही मान डोलावली. छापून आलं तेव्हा खेकडा विचारत होता, "तू सरळ का चालतोस?" मी मोठ्या तोऱ्यात पुस्तक घरी नेलं. मायनं बोट ठेवून पहिलं पान वाचलं आणि म्हणाली, "हा आपल्या बांधीतला नाई व. शिकलेला दिसते." पुण्यात जिथे 'गं' म्हणतात, तिथे मायचा 'व'. बाबा कितीतरी वेळ हसले. मीही हसले, पण मला लागलं होतं.

पुढे पुस्तकं होत गेली. बाबा गेले. भाऊ घर सांभाळतो, त्याची मुलं हिंदीत बोलतात आणि मायला दादी म्हणतात. तीही त्यांच्याशी हिंदीतच बोलते. घरात तिच्या बोलीला उत्तर देणारं कुणी उरलं नाही. इकडे पुण्यात मात्र दिवस पालटले. आता प्रकाशकच विचारतात, तुमच्या बोलीतलं काही आहे का?

म्हणून मी यंदा उन्हाळ्यात घरी गेले. खेकड्याची गोष्ट मायच्या तोंडून पुन्हा ऐकायची आणि जशीच्या तशी उतरवायची, एवढ्यासाठीच. माय आता थकली आहे, हे मला दिसत होतं. मी फोन तिच्यासमोर धरून रेकॉर्डिंग सुरू केलं. तिनं पदर सारखा केला, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "एका शेतात एक खेकडा राहत होता. तो विचारायचा, तू सरळ का चालतोस?" ओळीमागून ओळ माझीच. पुस्तक तिनं पाठ केलं होतं.

"माय, आपल्या बोलीत सांग ना," मी म्हणाले.

"ते बरोबर नव्हतं. तू छापलं ते बरोबर आहे," ती म्हणाली. एकेक शब्द ती जपून टाकत होती, पाहुण्यांपुढे काचेचे कप मांडावेत तसा.

तेवढ्यात फाटकाशी भाजीवाली आली. माय बाहेर गेली आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "काहून व, आज उशिरा आली? मले वाटलं, मायरी गेली का काय. आन हे वांगे किडके हायेत, मले काहून देऊन राह्यली?" दोघी हसत होत्या. मी खिडकीत उभी होते. मला फोन धरायचं भान राहिलं नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच आहे, दुसऱ्या कुणाशी चाललेलं ते बोलणं.

ती वांगी घेऊन आत आली, तेव्हा मी म्हणाले, "माय, माझ्याशीही तसंच बोल ना."

मायनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मग शब्द जुळवत, हळू आवाजात म्हणाली, "तुला ते आता बरं दिसत नाही, गं."

जन्मभर मी तिची 'व' होते.