फाकीच्या हातची माती

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या पेंबा बेटावर फाकीइतकी वटवाघळं कुणी मारली नसतील. तरुणपणी तो आंब्याला जाळं लावायचा आणि सकाळी पोतं भरून घरी यायचा. लवंगेचं पीक बुडालं त्या वर्षी त्यानं दोन घरं याच मांसावर जगवली, स्वतःचं आणि थोरल्या भावाचं, मकामेचं. झाडावर चढून जाळं बांधायचं काम मकामेकडे. एकदा फांदी मोडली, तो खाली आला आणि जन्माचा लंगडा झाला.

पुढे बाहेरून माणसं आली, मोजणी झाली. ही तांबूस, थोराड वटवाघळं पेंबाखेरीज जगात कुठे नाहीत आणि इथेही संपत आलीत, असं त्यांनी सांगितलं. फाकीला ते वेगळं सांगायला नको होतं. त्याचं जाळं आठ-आठ दिवस रिकामं राहत होतं. गावानं वटवाघळं राखायला मंडळ काढलं आणि राखणदार नेमलं ते फाकीलाच. लोक पोट धरून हसले. पण मशिदीत शपथ घेतल्यावर त्यानं वीस वर्षांत एका पंखाला हात लावला नाही. कबरस्तानातली झाडं कुणी तोडत नाही, म्हणून उरलेली वटवाघळं तिथेच होती. तिथेच तो दिवसभर बसायचा. शेकड्यांची हजारो झाली.

यंदा मकामेनं अंथरूण धरलं. एका दुपारी त्यानं भावाला जवळ बोलावलं.

"एक वटवाघूळ आण रे. नारळाच्या दुधात शिजवलेलं. तेवढं खाऊन जातो."

"दादा, शपथ आहे मला."

"एवढी लटकलीत. एकानं काय होतंय?"

"राखणदारानंच मारलं, तर उद्या अख्खं गाव जाळी काढील."

"आणि माझा पाय? तो कुणासाठी मोडला?"

फाकी उठून बाहेर आला, तर मिझेवहिनी दारात रडत उभी. "भावजी, असं उपाशी पाठवू नका हो त्यांना."

मग फाकीला भलतंच सुचलं. त्यानं कोंबडा कापला, वहिनीकडून नारळाच्या दुधात शिजवून घेतला आणि स्वतः भावाला भरवायला बसला. "घे दादा. आणलं."

मकामेनं एक घास चावला. बराच वेळ चावला, मग थुंकला.

"कोंबडा आहे हा." त्याचा आवाज एकदम खणखणीत झाला. "तू नाही म्हणालास, ते मी गिळलं होतं, फाकी. पण मरणाऱ्या माणसाला फसवतोस? सगळ्यांनी ऐका रे. माझ्या कबरीत ह्यानं मूठभरही माती टाकायची नाही."

तिसऱ्या दिवशी तो गेला. गावातल्या एकूण एक पुरुषानं तीन-तीन मुठी माती टाकली. फाकी झाडाला टेकून उभा राहिला. वर वटवाघळं कलकलत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्यांचा संताप आला.

पाऊस पडला, तशी नवी कबर खचली. रोज तिथे बसणाऱ्या फाकीलाच ते आधी दिसलं. कुदळ हाताशी होती, मातीचा ढीगही शेजारीच. तो पुतण्याकडे, हमदकडे, गेला.

"बाबाची कबर खचलीय. चल, माती घाल."

"काका, तुम्हीच घालायची ना दोन टोपल्या. बाबांचा राग त्यांच्याबरोबर गेला."

"नाही रे," फाकी म्हणाला. "मी एकदा फसवलंय त्याला."

हमद माती घालत होता, तेवढा वेळ फाकी कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पाठ करून उभा होता.