बासष्ट धागे

आमची आत्या कापडगिरणीत नमुन्यांचे फोटो काढते. आधी पंधरा वर्षं ती मागावर होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं कॅमेरा धरला. छोट्या सेन्सरचा मिररलेस, ओंजळीत मावेल एवढा. मॅनेजरसाहेबांच्या लेखी ते खेळणंच.

मग गिऱ्हाइकांची तक्रार आली : फोटोत कापडाची वीण कोपऱ्यांकडे लगद्यासारखी दिसते.

"महिनाअखेरपर्यंत मोठा कॅमेरा आणा," साहेब म्हणाले, "नाहीतर बाहेरचा फोटोग्राफर बोलावतो. तुम्ही घरी आराम करा."

"आराम मेल्यावर करीन," आत्या म्हणाली. "कॅमेरा धडधाकट आहे. त्याच्यासोबत आलेली लेन्स बोथट आहे. तीच बदलणार."

कॅमेऱ्यांच्या दुकानात दुकानदारानं हातभर लांब झूम लेन्स पुढे केली. "मावशी, ही न्या. लांबचं, जवळचं, सगळं एकीतच. लग्नातसुद्धा कामाला येईल."

"आमच्याकडची लग्नं उरकली सगळी. भिंत कुठंय मोकळी?"

तिनं पिशवीतून हातरुमालाएवढं कापड काढून भिंतीला चिकटवलं. चारही कोपऱ्यांत लाल दोऱ्यानं इंचाचे चौकोन टाचलेले. कापड तिनंच विणलेलं. इंचाला उभे धागे बासष्ट, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कॅमेरा तिपाईवर लावून तिनं झूमनं फोटो काढला, पडद्यावर कोपरा मोठा केला आणि सुईच्या टोकानं मोजायला लागली.

"चाळिसाच्या पुढं सगळे गळ्यात गळे घालून बसलेत. दुसरी."

"मावशी, एवढं बारीक कोण बघतं?"

"मी."

चौथी लेन्स बुटकी होती. झूम नाही, जवळून टिपायची. दुकानदार म्हणाला, हिच्यासाठी तुम्हालाच पुढे-मागे सरकावं लागेल. "सरकते की. गुडघे माझे आहेत, तुमचं काय जातंय?" तिनं चारही कोपरे मोजले. बासष्ट, बासष्ट, बासष्ट, बासष्ट.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांच्या लाडक्या निळ्या नमुन्याचा नव्या लेन्सनं काढलेला फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी डोळे बारीक केले.

"ही रेघ कसली? लेन्सला ओरखडा आहे वाटतं."

"धागा तुटलाय. कापडात."

"हा नमुना मी स्वतः पास केलाय."

आत्यानं धागे मोजायची काच आणि निळं कापड त्यांच्यापुढे सरकवलं. साहेब वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मागच्या खोलीतल्या विणकर बायका काम सोडून दारात आल्या होत्या.

"हा फोटो गिऱ्हाइकाला धाडू नका," साहेब शेवटी म्हणाले.

"नाही धाडत. चांगला तुकडा पाठवा, त्याचा काढते." ती कॅमेरा गळ्यात अडकवून उठली. "आणि बाहेरच्या माणसाला बोलवायचं असेल तर खुशाल बोलवा. फक्त त्याला आधी धागे मोजायला लावा."